सेकंडहँड मोटरहोम: इंजिन तापलं की ऑईल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकतो, सेन्सर बदलूनही तेच

गाडीघर

नमस्कार मंडळी,

सेकंडहँड घेतलेल्या मोटरहोमबद्दल सल्ला हवा आहे. इंजिन २.३ लिटर, चार सिलिंडर, टर्बो डिझेल, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असलेलं. गाडी १३ वर्षांची, ९६,००० किमी चाललेली. शेवटची दोन वर्षं बहुतेक उभीच होती, दर पंधरा दिवसांनी जागेवरच दहा-पंधरा मिनिटं चालू करून ठेवायचे.

लक्षणं: थंड इंजिन चालू केलं की दिवा एक-दोन सेकंदांत विझतो. अर्धा-पाऊण तास चालवल्यावर कुठे थांबलं आणि इंजिन स्लोला, म्हणजे ८०० आरपीएमला आलं, की तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. थोडी रेस दिली, ११०० च्या वर गेलं, की बंद. इंजिनातून ठकठक नाही, धूर नाही, जमिनीवर तेलाचा डाग नाही.

आतापर्यंत केलेलं: प्रेशर स्विच नवीन टाकला, फरक शून्य. डिपस्टिकवर ऑईल मॅक्सच्या खुणेच्याही साधारण एक सेंटिमीटर वर आहे. आत ५डब्ल्यू-३० आहे, २,००० किमीपूर्वी बदललेलं. डॅशबोर्डवर प्रेशरचा काटा नाही, फक्त दिवा.

प्रश्न तीन. दिवा खोटा बोलतोय की खरा, हे घरच्या घरी कसं ठरवायचं? जाड ऑईल टाकून भागेल का? आणि १५० किमी दूर नेऊन दाखवायची आहे, तेवढी चालवली तर चालेल का?

पानापक्कड

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. चालवू नका. लाल दिवा ही सूचना नसते. बहुतेक गाड्यांत तो ०.३ ते ०.६ बारच्या खाली दाब गेला की लागतो. म्हणजे तो लागेपर्यंत बेअरिंगमधला तेलाचा थर नावापुरता उरलेला असतो. पिवळा दिवा वेगळा, तो सहसा पातळीचा किंवा सर्व्हिसचा असतो. लाल म्हणजे इंजिन बंद.

कधी चालत्या गाडीत लागलाच तर क्रम लक्षात ठेवा: आधी गाडी बाजूला उभी, मग इंजिन बंद. उलट केलं तर पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. साडेतीन टनांचं घर त्या अवस्थेत थांबवणं फार धोक्याचं.

तुमच्या पोस्टमधली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ म्हणजे 'मॅक्सच्या वर एक सेंटिमीटर'. ऑईल आपोआप वाढत नाही. एक तर बदलताना जास्त भरलं गेलं, नाही तर आत डिझेल किंवा कूलंट मिसळतंय. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक पुन्हा बघा. मग एक थेंब बोटांत चोळा, वास घ्या. डिझेलचा वास लपत नाही, आणि तेल बोटांतून पाण्यासारखं सुटतं. दुसरा थेंब टिश्यूपेपरवर सोडा आणि तासाभराने बघा. मधला काळा ठिपका आणि त्याच्याबाहेर दूरवर पसरलेलं फिकट, ओलसर कडं दिसलं तर डिझेलचा संशय पक्का धरा. ऑईल भरायच्या झाकणाच्या आत साय धरल्यासारखा पिवळट फेस असेल तर पाणी. मात्र उभ्या राहणाऱ्या गाडीत थोडा फेस नुसत्या दमटपणानेही येतो, त्यामुळे सोबत कूलंटची टाकीही बघा, पातळी उतरतेय का.

आता खरी तपासणी. सेन्सर बदलून काही सिद्ध होत नाही, दाब मोजावा लागतो. त्यासाठी मेकॅनिकल प्रेशर गेज हवं: ० ते १० बारचा काटा, तेल आणि उष्णता सहन करणारा होज, आणि आट्यांचे अ‍ॅडॉप्टर. प्रेशर स्विच बहुधा फिल्टर हाउसिंगवर किंवा ब्लॉकच्या बाजूला असतो. इंजिन थंड असताना कनेक्टर काढा, डीप सॉकेटने स्विच सोडवा, खाली भांडं ठेवा, वाटीभर तेल येईल. आटे नीट ओळखा. एम १० बाय १, एम १२ बाय १.५, एम १४ बाय १.५, १/८ एनपीटी आणि १/८ बीएसपी हे नेहमी भेटणारे. शेवटचे दोन दिसायला सारखेच, पण एनपीटीला इंचाला २७ आटे आणि बीएसपीला २८. दोन वेढे सहज जातात आणि मग अडकतं. तिथे जोर लावला की अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचे आटे गेलेच म्हणून समजा. हाताने तीन-चार वेढे मोकळे गेले तरच पान्याला हात लावा.

होज फिरणारा पट्टा, पंखा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब बांधून घ्या. होज निसटला तर गरम तेलाची चिळकांडी थेट टर्बोवर जाते, म्हणून पहिल्यांदा चालू करताना दुसऱ्या माणसाला चावीपाशी बसवा आणि स्वतः जोड बघत उभे राहा. अग्निशामक हाताशी असू द्या.

थंड असतानाचं रिडिंग आधी लिहा. मग गाडी मोकळ्या हवेत जागेवरच १५०० च्या आसपास धरून तापवा. इथे बरेच जण फसतात: पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे ऑईल तापलं असं नाही, ऑईल बरंच मागे असतं. आणखी १५-२० मिनिटं द्या. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चेंबरवर (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीवर) मारून ९० अंशांच्या आसपास येऊ द्या. मग स्लो, २००० आणि ३००० अशी तीन रिडिंग घ्या. काटा स्थिर आहे की थरथरतोय, तेही लिहा. गरम असताना स्लोला ०.३ च्या खाली गेला किंवा ठकठक ऐकू आली तर तिथेच बंद करा.

पण तेलाला डिझेलचा वास असेल तर यातलं काहीही करण्याआधी ऑईल उपसा. पातळी एवढी चढलेलं डिझेल इंजिन ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत नेणाऱ्या नळीतून) स्वतःचंच तेल ओढू लागलं तर चावी फिरवूनही बंद होत नाही.

तारतंत्र

पानापक्कड यांचं बरोबर आहे, गेजशिवाय निकाल नाही. पण गेज मिळेपर्यंत विजेची बाजू मल्टिमीटरने पाच मिनिटांत तपासून होते, तीही इंजिन चालू न करता.

साधा एकतारी स्विच असेल तर आतला संपर्क दाब नसताना जोडलेला असतो आणि तो दिव्याची तार इंजिनच्या बॉडीला, म्हणजे अर्थला लावतो. दाब आला की संपर्क सुटतो, दिवा विझतो. म्हणून चावी ऑन, इंजिन बंद: दिवा लागायलाच हवा. आता स्विचवरचा कनेक्टर उपटा: दिवा विझायला हवा. कनेक्टर काढूनही पेटलेला राहिला तर तार वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला टेकतेय. उलट, कनेक्टर लावलेला असतानाही चावी ऑनला दिवा लागतच नसेल तर तार तुटलीय, बल्ब गेलाय किंवा स्विच मेलाय. सेकंडहँड गाडी घेताना हे आवर्जून बघावं, कारण लागणारा दिवा लपवण्यासाठी तार कापून ठेवलेल्या गाड्याही विकल्या जातात. कनेक्टरला तीन पिना असतील तर तो स्विच नाही, सेन्सर आहे. त्याला ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल असतात. त्याचे आकडे स्कॅनरवर वाचता येतात, आणि त्याच्या तारा नुसत्या अर्थला टेकवून बघू नका.

गाडीघर, तुमचा दिवा तापल्यावर आणि फक्त स्लोला लागतो, रेस दिली की जातो. तार खराब असती तर ती आरपीएम बघून वागली नसती. खड्ड्यात, वळणावर, हेडलाइट लावल्यावर असं कधीही झालं असतं. त्यामुळे माझा कल 'दिवा खरं बोलतोय' याकडे आहे. एक शक्यता मात्र उरते, नवीन स्विच चुकीच्या दाबाचा असण्याची. स्विचच्या षटकोनावर किंवा बॉडीवर ०.३, ०.५, ०.९ बार असा आकडा कोरलेला असतो. मूळ ०.३ चा असताना ०.९ चा बसवला तर ठणठणीत इंजिनही गरम स्लोला दिवा दाखवेल. जुना स्विच टाकला नसेल तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

जुन्या कॅम्परवाल्यांसाठी एक पुरवणी. फोक्सवॅगनच्या पाण्याने थंड होणाऱ्या टी ३ मध्ये दोन स्विच असतात, एक कमी दाबाचा आणि एक जास्त दाबाचा. जास्त दाबाचा नेमका उलट चालतो, दाब आल्यावर जोडला जातो, आणि साधारण २००० आरपीएमच्या वर त्याचा संपर्क मिळाला नाही तर बझर वाजतो. तिथे तार सुटली तरी बझर वाजतो, म्हणजे वरची कनेक्टर उपटायची परीक्षा त्या स्विचला लावायची नाही.

ज्यांच्याकडे काटा आहे त्यांनीही त्यावर डोळे झाकून भिस्त ठेवू नये. फोर्ड ई-सिरीजच्या चेसिसवरच्या अनेक मोटरहोममध्ये डॅशबोर्डवर काटा दिसतो, पण खाली नुसता स्विच असतो. साधारण ६ पीएसआयच्या (०.४ बारच्या) वर दाब असला की एका रेझिस्टरमुळे काटा मधोमध जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. २० पीएसआय असो की ६०, चित्र तेच. ज्यांनी हौसेने वेगळा मीटर बसवलाय त्यांनी सेंडरची (दाबाप्रमाणे ओहम बदलणाऱ्या सेन्सरची) जात जुळवावी. व्हीडीओ (मीटर बनवणारी जर्मन कंपनी) पद्धतीचा सेंडर शून्य दाबाला साधारण १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० च्या आसपास दाखवतो, अमेरिकी पद्धतीचा शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या मीटरला लावला की काटा उलटाच चालतो. एकतारी सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपही गुंडाळू नका, त्याला अर्थ आट्यांतूनच मिळतो.

इंजिन मागे असलेल्या मोठ्या गाड्यांत ही तार मागून पुढे गाडीची अख्खी लांबी ओलांडून येते. तिथे आधी इंजिन-चेसिस अर्थपट्टी मोजा. क्रँक मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर पट्टी काढून, घासून, घट्ट बसवा आणि मगच सेन्सरला दोष द्या.

डबाडिझेल

थोडक्यात लिहितो. डीपीएफ, दोन वर्षं उभी, पंधरा दिवसांनी जागेवर चालू. या तीन गोष्टी एकत्र आल्या की ऑईलमध्ये डिझेल असणारच.

कारण असं. डीपीएफमधली काजळी जाळायला इंजिन एक्झॉस्ट स्ट्रोकच्या बाजूला उशिरा जादा डिझेल मारतं. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवर बसतं आणि रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. सलग २०-२५ मिनिटं मोठ्या रस्त्यावर चालली तर जाळणं पूर्ण होतं आणि खाली गेलेल्यातलं थोडं उडूनही जातं. मध्येच बंद केलं की पुढच्या वेळी पहिल्यापासून, पुन्हा डिझेल. पेट्रोल जसं तापल्यावर बऱ्यापैकी उडून जातं तसं डिझेल जात नाही, साचत राहतं. आणि नुसतं जागेवर चालू ठेवल्याने ऑईल तापतही नाही, वर काजळी मात्र जमते. 'इंजिन हलतं राहावं' म्हणून केलेली ही काळजी त्याच इंजिनाला घातक ठरते. उभी ठेवायची तर सरळ उभी ठेवा, चालू करायची तर अर्धा तास रस्त्यावर फिरवा.

दुसरे उगमही असतात. गळका इंजेक्टर, किंवा इंजिनातून फिरणाऱ्या हाय-प्रेशर पंपाचं सील. ते पुढचं. आधी ऑईल उपसा आणि मापाच्या भांड्यात किती निघालं ते लिहा.

गाडीघर

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं, आकडे देतो.

डिपस्टिकला डिझेलचा स्पष्ट वास. टिश्यूवर मोठं फिकट कडं. कूलंट जागच्या जागी. जुना आणि नवा, दोन्ही स्विच ०.५ बारचेच निघाले. कनेक्टर उपटल्यावर दिवा विझतो.

गेज आलं तेव्हा ऑईल अजून उपसलं नव्हतं. वरचं दीड लिटर डिपस्टिकच्या नळीतून ओढून काढलं, पातळी मॅक्सच्या थोडी खाली आणली आणि मगच मोजलं. थंड स्लोला ४.२ बार. चेंबर ९२ अंशांवर असताना स्लोला ०.५५, २००० ला १.९, ३००० ला २.६. काटा स्थिर. दिवा ०.५ च्या जवळ लुकलुकतो, म्हणजे खरंच बोलतोय. इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये गरम स्लोला किमान ०.८ दिलंय.

मग चेंबरचा नट काढला. आधी ओढलेलं धरून एकूण ७.१ लिटर निघालं. फिल्टरसह क्षमता ६ लिटर.

आता नवीन ऑईल भरण्याआधी विचारतो. ५डब्ल्यू-३० च भरू की जाड? आणि चेंबर आत्ताच उघडून बेअरिंग बघावीत का?

पानापक्कड

छान काम केलंत. हे आकडे बोलके आहेत.

सहा लिटरच्या जागी ७.१ निघालं म्हणजे किमान १.१ लिटर डिझेल, १५ टक्क्यांच्या पुढे. 'किमान' अशासाठी की इंजिनाने मधल्या काळात थोडं तेल खाल्लं असेल तर तेवढी जागाही डिझेलनेच भरली. ३० ग्रेडच्या ऑईलचा घट्टपणा १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असावा लागतो. एवढ्या डिझेलने तो जवळपास निम्म्यावर येतो.

इथे एक गोष्ट समजून घेतली तर पुढचं सोपं जातं. पंप दाब तयार करत नाही, तो तेल ढकलतो. दाब तयार होतो तो तेलाला बेअरिंगच्या फटींतून बाहेर पडताना होणाऱ्या अडथळ्यामुळे. तेल पातळ झालं की अडथळा कमी, दाब कमी. फट वाढली की तसंच, आणि फार झपाट्याने: गळणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट, तर गळती आठपट. म्हणून पातळ तेल आणि झिजलेली बेअरिंग गेजवर सारखीच दिसतात, दोन्हींत गरम स्लोचा आकडा पडतो. तुमच्या रिडिंगमधून हे दोनच मुख्य संशयित उरतात, बाकीचे गळतात. पंप ज्यातून तेल ओढतो ती जाळी तुंबलेली असती तर स्लोला बरं दिसून ३००० ला दाब वाढायचा थांबला असता किंवा पडला असता, कारण तिथे पंपाला जास्त तेल लागतं आणि ते पोचत नाही. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असता तर थंडीतही ४.२ मिळाले नसते. सक्शन पाइपची ओरिंग (रबरी कडी) फाटून हवा ओढली जात असती, किंवा तेलाला फेस येत असता, तर काटा थरथरला असता.

जाड ऑईल नको. २०डब्ल्यू-५० टाकलं तर दिवा आजच विझेल, पण झिजलेल्या बेअरिंगवर पांघरूण पडेल आणि थंड इंजिनात टर्बोपर्यंत तेल उशिरा पोचेल. शिवाय डीपीएफला कमी राखेचं ऑईल लागतं, ते विशिष्ट मानकातच मिळतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेली ग्रेड आणि मानक, तेच भरा. तुमचा प्रश्न ग्रेडचा नाही, डिझेलचा आहे.

चेंबर आत्ता उघडू नका. आधी स्वच्छ ऑईल, चांगला फिल्टर, नट पुन्हा लावताना नवीन वॉशर. ऑईल ५ लिटर ओता, चालू करून बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग अर्धा-पाव लिटर करत खुणेपर्यंत आणा. मोटरहोममध्ये डिपस्टिकची नळी लांब आणि वाकडी असते, नळीच्या भिंतीचं तेल काठीला लागून खोटं दिसतं, म्हणून दोनदा पुसून तिसरं रिडिंग धरा. गाडी लेव्हलिंग ठोकळ्यांवर उभी असेल तर ती घरातल्या पलंगाला सपाट असते, इंजिनाला नाही.

मग पुन्हा गेज. गरम स्लोला ०.८ च्या वर आलं तर बेअरिंग बहुधा वाचली आहेत. नवीन ऑईलवरही ०.६-०.७ च असेल तर चेंबर उघडायचं.

बेअरिंगशेल

एक काम मात्र आत्ताच करा, ते चुकवू नका: जुना फिल्टर कापून बघा. करवतीने कापू नका, तिचाच भुगा आत पडतो आणि तुम्ही उगाच घाबरता. फिल्टर कटर वापरा, किंवा तुमचा नुसत्या कागदी काडतुसाचा असेल तर प्रश्नच नाही. कागदाच्या घड्या वरून खालून चाकूने सोडवा, पट्टी पांढऱ्या फडक्यात दाबून तेल पिळून काढा आणि उन्हात धरा. काळं, एकसंध काजळ असणारच, त्याची भीती नाही. चमचमणारे राखाडी कण दिसले आणि ते लोहचुंबकाला चिकटत नसतील तर बेअरिंगचा वरचा थर सुटतोय. कण तांब्यासारखे लालसर दिसले तर वरचा थर संपून खालचं तांबं उघडं पडलंय, मग रिडिंग काहीही येवो, चेंबर खोलायचं. चुंबकाला चिकटणारी पावडर म्हणजे पोलाद: चेन, कॅम, पंपाचे गिअर. नखाएवढे काळे रबरी तुकडे किंवा धागे दिसले तर तेही सांगा. फोर्डच्या २.० इकोब्लूसारख्या, तेलात फिरणारा टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनांत त्या बेल्टचाच चुरा जाळीत जाऊन बसतो. तुमच्या इंजिनात तो नसेल, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी ऑईल बदलताना दर वेळी हे बघावं.

चेंबर उघडायची वेळ आलीच तर आधी सुरक्षा. मोटरहोमच्या लेव्हलिंग जॅकवर किंवा एअर सस्पेन्शनवर गाडी उचलून खाली शिरू नका. वजन पेलणारे अ‍ॅक्सल स्टँड, चाकांना अडवणीचे ठोकळे, सपाट काँक्रीट.

आत गेल्यावर पहिली नजर जाळीवर. त्यात सिलिकॉनच्या शेवया सापडणं फार नेहमीचं. आधीच्या माणसाने गॅस्केटऐवजी सिलिकॉनची जाड रेघ ओढलेली असते, आत पिळून आलेला भाग तुटतो आणि जाळीवर येऊन बसतो. तीन मिलिमीटरची सलग रेघ पुरते. सक्शन पाइपची ओरिंग डोळे झाकून नवीन टाका. जनरल मोटर्सच्या (जीएम) एलएस घराण्यातल्या इंजिनांत ही एक ओरिंग कडक झाल्याने कमी दाब दाखवणाऱ्या गाड्या कितीतरी. त्याच इंजिनांपैकी काहींत सेंडरच्या खाली बारीक जाळीही असते, ती तुंबली की इंजिन ठीक असून काटा पडलेला दिसतो.

मग बेअरिंगची एक मेन (क्रँकशाफ्टला ब्लॉकमध्ये धरणारी) आणि एक बिग एंड (कनेक्टिंग रॉडला क्रँकशी जोडणारी) कॅप खोला. बिग एंड आधी, कारण सहसा तीच आधी जाते. शेलवर (बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीवर) एकसारखा मंद राखाडी रंग असेल तर ठीक. तांबं दिसतंय, किंवा नख अडकेल अशी रेघ आहे, तर नवीन सेट. फट मोजायला प्लॅस्टीगेज (दाबला की चपटा होणारा बारीक प्लॅस्टिकचा धागा): कोरड्या जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर) तुकडा ठेवा, कॅप ठरलेल्या टॉर्कला कसा, क्रँक अजिबात फिरवू नका, उघडून पट्टीशी ताडा. या आकाराच्या इंजिनात ०.०३ ते ०.०८ मिमीच्या दरम्यान काहीतरी अपेक्षित, नेमकी मर्यादा मॅन्युअलची. कॅपचे बोल्ट ताणून कसायचे असतील तर ते एकदाच वापरायचे, मोजणीसाठी जुने आणि शेवटी नवे.

आणि इंजिन फ्लश (जुन्या ऑईलमध्ये ओतायचं सफाईचं द्रव) नको, कृपया. उभ्या राहिलेल्या इंजिनात कडांना चिकटलेला चिखल फ्लशने एकदम सुटतो आणि सगळा जाळीवर जातो. त्यापेक्षा साधं ऑईल १,०००-१,५०० किमीवर एकदा बदला. सावकाश निघालेली घाण फिल्टरमध्ये जाते.

गाडीघर

फिल्टर उघडला. काजळ भरपूर. मोठं भिंग धरून बघितलं, राखाडी चार-पाच ठिपके, मोहरीच्या चौथाईएवढे, चुंबकाला चिकटत नाहीत. तांबूस एकही नाही, रबर नाही.

नवीन ऑईल आणि फिल्टर टाकल्यावर, ९० अंशांवर: स्लोला ०.९५, २००० ला २.७, ३००० ला ३.४. दिवा नाही. आता १५० किमी?

पानापक्कड

०.५५ चं ०.९५ झालं, आणि बदललं फक्त तेल. म्हणजे दाब पाडणारा मुख्य गुन्हेगार डिझेलच होतं. पण ०.९५ हा किमान मर्यादेपासून फार लांब नाही आणि ते राखाडी ठिपके सांगतात की पातळ तेलावर चालून थोडी किंमत मोजली गेली आहे. गाडी चालवता येईल, काही अटींवर. पहिले ५०० किमी गेज काढू नका, होज नीट बांधून काटा समोर दिसेल असा ठेवा. ते जमत नसेल तर टी-जोड लावून स्विच आणि सेंडर दोन्ही कायमचे बसवा. पुढच्या डायरी-नोंदी गरम स्लोच्याच, दर वेळी त्याच तापमानाला.

डबाडिझेल

आणि निघण्याआधी स्कॅनर लावून डीपीएफची काजळी आणि शेवटचं पूर्ण झालेलं रिजनरेशन (काजळी जाळणं) किती किलोमीटरपूर्वी झालं ते वाचा. काजळी वर असेल तर ती १५० किमी मोठ्या रस्त्यावर, २,००० च्या वर, मध्ये न थांबता चालवणं हेच औषध. सोबत इंजेक्टरच्या करेक्शनचे (प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करून सावरलं जातंय त्याचे) आकडे आणि परतीच्या नळीची चाचणी करून घ्या: चार बाटल्या लावून काही मिनिटं स्लोला चालवा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल आलं तर तो इंजेक्टर आतून झिजलाय, तो टेस्ट बेंचवर तपासायला पाठवा. ही चाचणी फक्त परत जाणारं डिझेल दाखवते, टोकाची गळती नाही. त्यासाठी ग्लो प्लग काढून, रात्रभर उभ्या गाडीत सिलिंडर ओला दिसतो का ते बघावं लागतं.

आज डिपस्टिकवर तेल जिथे आहे तिथे टोकदार खिळ्याने बारीक खूण करा. ५०० किमीनंतर सपाट जागेवर, थंड इंजिनात, तीच काठी. तेल त्या खुणेच्या वर गेलं तर दोष डीपीएफच्या सवयीत नाही, इंजेक्टर किंवा पंपाच्या सीलमध्ये आहे. खुणेवर किंवा जरा खाली राहिलं तर १,००० किमीला हे ऑईल टाकून द्या, फिल्टर पुन्हा कापा आणि त्या राखाडी ठिपक्यांची मोजदाद इथे लिहा.

बेअरिंगशेल

ठिपके वाढले असतील तर दाब कितीही चांगला असो, बिग एंडचे शेल तेव्हाच बदला. क्रँकला ओरखडा पडायच्या आत शेल बदलणं हे चेंबर उतरवून होणारं काम आहे. ओरखडा पडला की इंजिन बाहेर काढून क्रँक ग्राइंडिंगला जातो.

चेंबर उघडून पंप किंवा पाइप हलवलात तर पुन्हा चालू करताना घाई नको. पंपाच्या तोंडात स्वच्छ तेल भरून बसवा, फिल्टर भरता येत असेल तर भरा, मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून दहा-दहा सेकंद क्रँक मारा, मध्ये मिनिटभर स्टार्टरला विश्रांती. गेजवर दाब दिसला की मगच कनेक्टर लावून इंजिन चालू करा. काही इंजिनांत, फोर्डच्या २.२ टीडीसीआयमध्ये विशेषतः, चेंबर बराच वेळ रिकामं राहिलं तर पंप तेल ओढणंच सोडतो, तिथे साधं ऑईल बदलतानाही नवीन तेलाचे डबे आधी उघडून ठेवावेत.